पथ्य यांचं, छाती माझी

आमच्या सासरी माणसांना हार्ट होतं.

तसं ते सगळ्यांनाच असतं, पण आमच्याकडे ते पिढीजात होतं. आजेसासरे पन्नाशीत कचेरीतून घरी आले आणि जोडे काढता काढता गेले. सासरे बावन्नाव्या वर्षी, पेन्शनचे कागद व्हायच्या आत. एक चुलत सासरे तर लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी असताना. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी माझ्या वडिलांना हे सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडे ओलिताची जमीन आहे हे दुसऱ्या कोणी ज्या आवाजात सांगितलं असतं, त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "आमच्या घरातल्या माणसांना हार्ट आहे, बरं का." माणसांना म्हणजे पुरुषांना. बायका कशानं गेल्या, ते सासरी कोणाच्या ध्यानात नव्हतं. माझे वडील मुकुटबनचे शेतकरी. यवतमाळच्या नोकरदार घरात मुलगी पडते आहे, या आनंदात त्यांनी मान डोलावली.

आमचे हे कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, धागा ओढून लांबी बघायची, ओल किती, काडीकचरा किती ते पाहायचं आणि कापूस कोणत्या प्रतीचा ते सांगायचं. मी एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून होते. दोघांच्या नोकऱ्या, घरात सासूबाई आणि एक मुलगी. ती बारावीनंतर अमरावतीला हॉस्टेलवर गेली आणि घरात आम्ही तिघं उरलो. तिघं आणि यांचं हार्ट.

मी सांगते आहे ती कापसाची वाईट वर्षं होती. आमचा जिल्हा तेव्हा भलताच प्रसिद्ध झाला होता. बाहेरून गाड्या यायच्या, त्यातून लोक उतरायचे, वही काढायचे, दोन गावं बघायचे, जिल्ह्याला नेमकं काय झालं आहे ते ठरवायचे आणि संध्याकाळी नागपूरचं विमान गाठायचे. निदान करण्यात तेव्हा कोणीच मागे नव्हतं. मग आमचं घर तरी कसं मागे राहील?

अशाच एका हंगामात केंद्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य शिबिर भरलं. बाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग जिनिंगच्या फाटकापासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली, लोक तीन तीन दिवस गाडीखाली मुक्कामाला. आत गोदामात पंख्याखाली कर्मचारी बाही वर करून बसलेले. डॉक्टरांनी यांना तपासलं आणि पाच गोष्टी लिहून दिल्या. खर्रा बंद. रोज चालणं. तेल-मीठ कमी. वजन उतरवा. आणि टेन्शन घेऊ नका. हा पाचवा सल्ला डॉक्टर देत होते, तेव्हा बाहेर कोणीतरी ग्रेडरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं.

संध्याकाळी यांनी ती चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली, बदलीचा हुकूम ठेवावा तशी.

"अवं, मले हार्टचं आहे."

"म्हणजे झालं?"

"झालं नाई. होऊ शकते."

सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. हातात निरांजन तसंच. "आलं ना शेवटी," त्या म्हणाल्या. घाबरल्या होत्याच, पण मला आवाजात थोडं समाधानही ऐकू आलं. घराण्याची चाल मोडली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात हृदयविकाराचा प्रतिबंध सुरू झाला. पहिला बळी सरकीच्या तेलाचा. ज्या जिल्ह्याची शेतं, बाजार आणि भांडणं कापसावर चालतात, त्या जिल्ह्यात, त्यातही ग्रेडरच्या घरातून, सरकी हद्दपार झाली आणि करडईचं तेल आलं. तेही चमच्यानं मोजून. बातमी नातेवाइकांत पोचल्यावर जो तो बघायला येऊ लागला. येणारा हात हलवत येत नसे. कोणी लसूण सांगितला, कोणी दुधीचा रस, कोणी जवसाची चटणी. अर्जुनाची साल तर इतक्या जणांनी आणून दिली की जोडून मागच्या अंगणात एक झाड पुन्हा उभं करता आलं असतं. हे सगळं किसायचं, कुटायचं, उकळायचं आणि गाळायचं काम अर्थातच त्यांनी करायचं नव्हतं ज्यांना हार्ट होतं.

यांचं चालणं पहाटे साडेपाचला सुरू झालं. पांढरे कॅनव्हासचे बूट, कानटोपी आणि केंद्रावरचे दोन सोबती. स्टेडियमला चार फेऱ्या मारून घामाघूम होऊन परत यायचे आणि आरामखुर्चीत बसायचे. मी दुधीचा रस हातात द्यायची. तो पिताना तोंड असं करायचे, की देशासाठी काही करत असावेत. तीन महिने हे चाललं आणि वजन तसूभर हललं नाही. एक दिवस दूधवाला आला नाही म्हणून मी स्वतः निघाले, तर स्टेडियमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर हे तिघे. प्रत्येकाच्या हातात तर्रीत बुडालेला आलुबोंडा. घाम कशाचा ते तेव्हा कळलं.

"एकच खाल्ला," हे म्हणाले.

टपरीवाला प्रामाणिक माणूस. "साहेबाचे दोन झाले," तो म्हणाला.

खर्ऱ्याची गोष्ट याहून वरची. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ आमच्याकडे चहापेक्षा जास्त चालतो. यांनी तो सोडल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं. सासूबाईंनी त्याबद्दल मारुतीला नारळ फोडला होता. एकदा स्कूटरच्या डिकीत पाना शोधताना मला खर्ऱ्याची पुडी सापडली. ती शिबिरात वाटलेल्या 'तंबाखू टाळा' या पत्रकात नीट गुंडाळलेली होती.

"माझा नाही तो," हे म्हणाले. "एकानं ठेवायले देल्ला."

"कवापासून?"

"झाले असतीन दोनेक महिने."

त्या दिवशी मी पहिल्यांदा आवाज चढवला. रोज पहाटे साडेचारला उठून मी साल उकळते, दोन प्रकारचा स्वयंपाक करते, आणि हे डिकीत तंबाखू घेऊन फिरतात. उद्यापासून मी काही करणार नाही, असं सांगून टाकलं. यांचा चेहरा पडला. माझ्या धमकीमुळे की डबा कोण देणार या चिंतेनं, कोणास ठाऊक, पण त्यानंतर खर्रा खरोखर सुटला. पहिले पंधरा दिवस घरात भांडी आपटली जात होती. मग हळूहळू थांबलं. टपरीही सुटली. खोटं कशाला बोलू, दोन वर्षांत यांचे सगळे आकडे सुधारले. डॉक्टर म्हणाले, "असे पेशंट बघायला मिळत नाहीत." हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मनात आणलं की होते."

आता माझं. माझं सांगायचं राहून गेलं, कारण तेव्हाही राहूनच जायचं.

स्वयंपाक दोन प्रकारचा होता. यांच्यासाठी बिनतेलाचा, अळणी. सासूबाईंना तो उतरत नसे, म्हणून त्यांच्यासाठी फोडणीचा, झणझणीत, वर कच्च्या तेलाची धार. दोघांची ताटं झाली की उरेल ते माझं. अन्न टाकायचं नाही हे मी माहेरून शिकून आलेले. यांची उकडलेली भाजी संपवायची, सासूबाईंची तेलातली भाजीही संपवायची, मग नऊच्या ऑटोत बसून कॉलेज गाठायचं. यांचं पाच किलो वजन उतरलं, ते घराबाहेर गेलं नाही. मलाच मिळालं.

घरात रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं होतं. पट्टा, फुगा, पाऱ्याची नळी आणि कानाला लावायची नळी, सगळं. मी ते वापरायला शिकले. रोज सकाळी यांच्या दंडाला पट्टा बांधायचा, ठोके ऐकायचे आणि आकडा वहीत लिहायचा. मोठ्या बाईंपासून शिपायापर्यंत कॉलेजातले निम्मे लोक माझ्याकडून रक्तदाब मोजून घेत. माझ्या स्वतःच्या दंडाला तो पट्टा एकदाही लागला नाही. कोणी मला अडवलं नव्हतं. मनातच आलं नाही. यांना हार्ट होतं, मला नव्हतं.

आणखी एक होतं. मुलीच्या वेळी, बाळंतपणात, माझी साखर वाढली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुढे दर वर्षी तपासत जा, अशा बायांना पुढे साखरेचा त्रास होऊ शकतो. ती चिठ्ठी मी मुलीच्या लसीच्या कार्डासोबत जपून ठेवली होती. वीस वर्षं. चिठ्ठी छान राहिली.

शिबिराला दोन वर्षं झाली त्या हिवाळ्यात मला जिना जड जाऊ लागला. आमचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या वळणापर्यंत गेलं की खालचा जबडा दुखायचा, पाठीत खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं व्हायचं, दम लागायचा. कठड्याला धरून उभं राहिलं की दोन मिनिटांत कमी. डिसेंबरातल्या थंडीत ब्लाउज घामानं ओला. छातीत कळ म्हणतात तशी नव्हतीच. असती तर मीही कदाचित घाबरले असते.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "गॅस आहे. तू जेवतेस उशिरा." सासूबाईंनी ओवा दिला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी पोटाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "या वयात बायकांना असं होतं. टेन्शन कमी करा." मग चष्मा काढून आपुलकीनं विचारलं, "बाकी मिस्टरांचं हार्ट कसं आहे?"

मी म्हटलं, "उत्तम."

जबडा दुखतो म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी तोंडात दिवा घालून बराच वेळ पाहिलं. दात चांगले आहेत म्हणाले, पण मागची अक्कलदाढ वाकडी आहे, तीच असेल. काढली. दोन दिवस गाल सुजला. तिसऱ्या दिवशी जिना चढले, तर जबडा पूर्वीसारखाच दुखला, फक्त दाढ नव्हती.

जानेवारीत मुकुटबनला माझ्या धाकट्या भावाच्या घरी बारसं होतं. भावाच्या लेकीला मुलगा झालेला. भावानं फोनवर बजावलं, "ताई, भाऊजीले घेऊन ये. रोडगे करून राह्यलो." गोवऱ्यांच्या आरात भाजलेले गव्हाचे रोडगे, वर तुपाची धार आणि वांग्याची झणझणीत भाजी. यांना त्यातलं काहीच चालणार नव्हतं, म्हणून पहाटे उठून यांच्यासाठी डबा केला. उकडलेला दुधी, फुलके, ताक. एसटीत तो डबा मांडीवर घेऊन मी बसले, आणि यांनी खिडकी धरली, कारण बंद जागेत यांना घाबरल्यासारखं व्हायचं.

बारसं झालं. पंगती बसल्या. पाहुणे यांना आग्रह करत होते आणि हे हात जोडून, छातीवर बोट ठेवून सांगत होते, "चालत नाही." दहा जणांनी विचारलं, दहा जणांना कहाणी सांगितली. शिबिरापासून. मी आत-बाहेर करत होते. विहिरीवरून आणलेला, पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलून ओसरीवर ठेवला, आणि पाठीतल्या अंगठ्यानं या वेळी सोडलं नाही. जबडा, गळा, डावा हात, सगळं एकदम जड. मळमळलं. मी खांबाला टेकून खाली बसले.

"काहून बसली ताई?" भाऊ धावत आला.

"काई नाई रे. पित्त झालं असन."

लगेच बाया जमल्या. एकीनं लिंबूपाणी आणलं, एकीनं कांदा फोडून नाकाशी धरला. हे पंगतीतून हाक मारून म्हणाले, "तिले गॅस होते. थोडं चालू द्या तिले."

पंगतीत गावच्या दवाखान्यातली नर्स जेवत होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. बाळंतपण तिनंच केलं होतं, म्हणून तिला मानाचं बोलावणं होतं. जवळच्या कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची मुलगी, वय फार तर तीस. ती अर्ध्या जेवणावरून उठली, हात धुतले आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं. घाम थंड होता.

"कवापासून होते हे?"

"आत्ताच."

"आत्ताचं नाई विचारून राह्यली मी. पहिल्यांदा कवा झालं?"

"दीडेक महिना."

"चाललं की होते? अन् बसलं की थांबते?"

"हो."

"आज बसल्यावर थांबलं का?"

मी मान हलवली. नाही.

त्या दीड महिन्यात मला नीट प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस. चार प्रश्न, एका मिनिटात. तिनं वळून भावाला सांगितलं, "हे पित्त नोहे. गाडी पाहा, आत्ताच्या आत्ता." मग दवाखान्यात कोणाला तरी पिटाळलं, गोळी आणवली आणि माझ्या जिभेवर ठेवली. "गिळू नका बाई. चावा. कडू लागन, पण चावा." चालायचं तर सोडाच, तिनं मला उभंसुद्धा राहू दिलं नाही. बाजेवर घालून चौघांनी उचललं.

वणीला जायची काळीपिवळी जीप चौदा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, पण तिचा ड्रायव्हर सुदैवानं याच पंगतीत होता. त्यानं हातातला रोडगा तसाच सोडला. मागच्या बाकावर मी आडवी, डोकं सिस्टरच्या मांडीवर. पुढे भाऊ आणि हे. मुकुटबनपासून दोन किलोमीटर गेलो असू, तेव्हा पुढून आवाज आला.

"मलेही छातीत होऊन राह्यलं."

सिस्टरनं पुढे वाकून यांची नाडी पाहिली. "तुमाले काई नाई, भाऊजी," ती म्हणाली. "तुमी बाहेर पाहा."

वणीच्या दवाखान्यात जीप थांबली. स्ट्रेचर घेऊन दोघे धावत आले. समोर काय दिसलं त्यांना? पन्नाशीचा एक गृहस्थ, चेहरा पांढराफटक, एक हात छातीवर, दुसऱ्यानं दार धरलेलं. त्यांनी विचार केला नाही. यांना उचललं, स्ट्रेचरवर घातलं आणि आत नेलं. यांनी काही बोलायचा प्रयत्न केला असेल, पण मला ऐकू आलं नाही. शर्टाची बटणं उघडून पट्ट्या लावून कागद निघेपर्यंत सिस्टर ओरडत आत शिरली, "अवो, पेशंट बाई आहे! बाई बाहेर आहे!"

यांचा कार्डिओग्राम त्या दिवशी फार सुंदर आला. तिथले डॉक्टर म्हणाले, एकदम नॉर्मल. तो कागद पुढे कित्येक दिवस यांच्या खिशात होता.

माझा तसा नव्हता. सुई, सलाईन, नाकाला नळी, आणि ॲम्ब्युलन्स नागपूरकडे. वाटेत मला फार काही कळत नव्हतं. एवढं आठवतं की हे माझ्या पायाशी बसले होते आणि त्यांनी माझं पाऊल घट्ट धरलं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. माझ्या पायाला यांनी कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "सोडा, लोक पाहतात." ॲम्ब्युलन्समध्ये लोक कुठले? पण सवय.

नागपूरला नळी घालून पाहिलं. हृदयाच्या तीन मुख्य रक्तवाहिन्यांपैकी दोन अडलेल्या. त्यात जाळीच्या नळ्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर फेरीवर आले आणि फाइल हातात घेऊन विचारू लागले.

"साखर किती वर्षांपासून आहे?"

मी म्हटलं, "मला साखर नाही."

"आहे. चांगली आहे. ब्लडप्रेशर?"

हे पुढे झाले. वही सोबत नव्हती, पण आकडे पाठ होते. वरचा, खालचा, कोलेस्टेरॉल, त्यातलं चांगलं, त्यातलं वाईट, वजन, सगळं धडाधड सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "छान. हे कोणाचं?"

"माझं."

"मी बाईंचं विचारतोय."

डॉक्टरांनी वय विचारलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटं दाखवली, तर यांनी त्यातही एक वर्ष कमी सांगितलं. अमरावतीहून आलेली मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, "अठ्ठेचाळीस. आणि माझ्या वेळी तिची साखर वाढली होती, हे कोणीतरी लिहून घ्या." ती चिठ्ठी तिनं कधी वाचली होती, मला माहीत नाही. तिच्याच लसीच्या कार्डात होती, वाचली असेल.

डॉक्टर गेल्यावर हे स्टुलावर बसले. बराच वेळ चादरीचं टोक चिमटीत धरून ओढत राहिले, केंद्रावर धागा ओढतात तसं. म्हणाले, "मी आख्ख्या तालुक्याचा कापूस हातात घेऊन सांगतो, त्यात काय आहे. अन् घरात..."

"मी कापूस नाही," मी म्हटलं.

हे रडले. मला समजूत घालायची सवय, म्हणून हात पुढे केला, तर त्यात सुई होती. मग तसाच ठेवला आणि रडू दिलं.

घरी आले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मग आत बसवून म्हणाल्या, "बाईच्या जातीले हे कसं झालं वो?" त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांच्या नवऱ्याचं, सासऱ्याचं, मुलासाठी राखून ठेवलेलं दुखणं बाहेरून आलेल्या सुनेनं नेलं होतं. आठवड्याभरानं माझा रक्तदाब मोजताना मुलीनं सहज म्हणून पट्टा आजीच्या दंडाला बांधला. पारा वर चढला तो उतरेना. मुलीनं पुन्हा मोजला. डॉक्टर म्हणाले, हा आजचा नाही, दहा-पंधरा वर्षांचा तरी असेल. सासूबाई चिडल्या. "मले कोनी काई इचारलंच नाई," त्या म्हणाल्या. ते खरं होतं. मीही नव्हतं विचारलं.

घरात स्वयंपाक एकच होऊ लागला. पहिले दोन महिने तो यांनी केला. यांचं पहिलं वरण मी विसरणार नाही. हळद होती, मीठ होतं, फक्त डाळ शिजायची राहिली होती. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा हार्ट परवडलं." पण जेवल्या. आता हे बरं करतात. भाकरी अजून मीच. चालायला आम्ही दोघं जातो. यांचा वेग जास्त, माझा कमी. त्यावरून रोज वाद होतो. कापसाचे भाव पुढेही पडत-चढत राहिले, बाहेरच्या गाड्याही येत राहिल्या. केंद्र मात्र पुढे बंद पडलं आणि हे लवकर रिटायर झाले. टेन्शन घेऊ नका हा सल्ला पाळायला त्यांना शेवटी सरकारनंच मदत केली.

दीड वर्षानं मी मुकुटबनला गेले, तेव्हा कळलं की सिस्टरची बदली झाली. झरी जामणीच्या पुढे, जंगलातल्या एका उपकेंद्रात. भावाच्या मोटारसायकलवर बसून गेले, एक साडी घेऊन. दोन खोल्यांचं उपकेंद्र, पुढे ओटा, ओट्यावर कडेवर पोरं घेतलेल्या आठ-दहा बाया. सिस्टर एका पोराच्या तोंडात थेंब टाकत होती. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"बारसं," मी म्हटलं. "रोडग्याची पंगत. काळीपिवळी."

"हां हां!" तिचा चेहरा फुलला. "कसे आहेत आता भाऊजी? लय घाबरले होते बिचारे."

मी म्हटलं, "बरे आहेत."

साडी तिनं घेतली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "आज गोळी घेतली का?" मी म्हटलं, सकाळी निघायच्या घाईत राहिली. आधीच्या दिवशीचीही राहिली होती, ते मी सांगितलं नाही, पण तिनं ओळखलं असावं. "साडी आनाले टाइम भेटला," ती म्हणाली. "बसा रांगेत. मोजल्याशिवाय जाऊ देत नाई."

मी ओट्यावर बसले. शेजारच्या कोलाम बाईनं मला वरून खालपर्यंत पाहिलं, मागे पाहिलं, भावाच्या मोटारसायकलकडे पाहिलं आणि आपल्या बोलीत सिस्टरला काहीतरी विचारलं. सिस्टर हसली.

"ती विचारते, शहरातून एवढ्या दूर आल्या, तुमचं लेकरू कुठं आहे? त्याले काय झालं?"

"लेकरू नाही म्हणा," मी म्हटलं. "मीच आले दाखवायले."

सिस्टरनं ते तिला सांगितलं. कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेऊन त्या बाईनं मला सरकून जागा दिली. माझी पाळी आली तेव्हा सिस्टरनं पट्टा बांधला आणि फुगा दाबायला लागली. मी तिला केंद्र बंद पडल्याचं सांगू लागले.

"बोलू नका," ती म्हणाली. "हात ढिला सोडा."